माशांचा घास

रावजी मांडवकराला एकट्यापुरतं शिजवता येत नसे. आयुष्यभर मुंबईत एका कचेरीच्या कँटीनमध्ये त्याने भाताचे डेगच्या डेग उतरवले होते, आणि हात एकदा मोठा झाला की तो लहान होत नाही. मूठभर तांदूळ घ्यायचे म्हणून डब्यात हात घालायचा आणि चौघांचा भात घेऊन बाहेर काढायचा. आमटीचं तेच. गावी परतल्यावर त्याने छोटा टोप घेतला, तर तो काठोकाठ भरू लागला. उरलेलं वाया गेलं असं मात्र तो कधी म्हणायचा नाही. उरलेलं माशांचं होतं.

हे मासे वाडीखालच्या डोहातले. संगमेश्वराच्या वरच्या अंगाला नदी जिथे कातळाला वळसा घालते तिथे हा डोह आहे आणि वरती वाघजाईचं देऊळ. डोहातले हे मासे, खडशी म्हणतात ती, देवीची. हाताएवढाली, खवल्यांवर पितळी झाक असलेली. त्यांना गळ लावायचा नाही, पाग म्हणजे फेकजाळं टाकायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि दुसरी रीत अशी, की घरात ताट वाढलं की जेवायच्या आधी एक घास पानावर बाजूला काढायचा. तो माशांचा. तो डोहात पडल्याशिवाय घरच्या माणसाने तोंडात घालायचं नाही.

आता रीत पाळायला माणसं हवीत. वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात असतात. घास घालणाऱ्यांची जागा पर्यटकांनी घेतली. पायऱ्यांच्या तोंडाशी टपरी आली, तिथे कुरमुऱ्यांच्या पिशव्या टांगल्या गेल्या. लोक येत, कुरमुरे टाकत, बिस्किटं टाकत, वेफर्ससुद्धा टाकत, मासे उसळले की मोबाइल काढत आणि जात. मासे दिवसभर खात. त्यांना कोण सांगणार, आता पुरे म्हणून?

रावजी या लोकांना नावं ठेवी आणि मग स्वतःचा टोप घेऊन खाली उतरे. त्याची सावली पायरीवर पडली की सगळा डोह त्याच्याकडे सरके. नुसती तोंडं वर, उघडी. रावजी त्यांच्याशी बोले. काल भात जरा मऊ झाला, आज मीठ कमी पडलं, असलं काहीबाही. दिवसातून तेवढंच त्याचं बोलणं होई.

कारण सुगंधा, म्हणजे त्याची बायको, मुंबईजवळ दिव्याला मुलाकडे होती. तो गावी परतला त्याच वर्षी सून राजश्रीचं बाळंतपण निघालं, आणि सुगंधा दोन लुगडी पिशवीत घालून मुंबईच्या गाडीत बसली. ते बाळ आता बालवाडीत जातं आणि मागून दुसरं आलंय. मुलगा सुजय आणि सून दोघंही कामाला. खोली एक, स्वयंपाकघर एक. सुगंधा स्वयंपाकघरात निजते.

लोक विचारायचेच. "काय रावजी, तू कवा जातोस मुंबयला?" रावजी छाती जराशी पुढे काढून सांगायचा, "मी गेलो तर माशांना घास कोण घालील?" देवीचं काम. लोक मान हलवायचे आणि रावजीला हलकं वाटायचं.

खरं सांगायचं तर त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. सुजय फोनवर म्हणे, "बाबा, तब्येतीला जपा." सून म्हणे, "गोळ्या घेताय ना?" सुगंधा म्हणे, "जेवलात काय?" 'या' असं कुणी म्हणत नव्हतं. कुठे निजवणार, हे रावजीलाही कळत होतं. कळल्याने दुखायचं थांबतं असं मात्र नाही. मासे होते म्हणून त्याची अब्रू झाकलेली होती. न बोलावलेला बाप म्हणून गावात राहणं वेगळं आणि देवीच्या कामाला अडकलेला माणूस म्हणून राहणं वेगळं.

शिमगा झाला, पाणी उतरलं, आणि मासे मरायला लागले.

आधी एक, मग एकदम तीन-चार. थोराड, जुनी खडशी पोट वर करून पायरीला लागू लागली. पोटं तट्ट फुगलेली. देवीचा कोप झाला, कौल लावा, असं सुरू झालं. पण गावचे मानकरी आप्पा स्वतः मधुमेहाचे जुने दुखणेकरी, रोज सकाळी बोट टोचून घेणारे. त्यांचा कौलापेक्षा तपासणीवर भरवसा. त्यांनी ओळखीतून रत्नागिरीला निरोप धाडला आणि माशांच्या आजारांचा अभ्यास करणारी योगिनी नावाची मुलगी जीपमधून आली.

देवीच्या माशाला सुई लावायची की नाही यावर देवळात बराच काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं, की रक्त काढून मासा जिवंत परत सोडायचा. योगिनीने मोठ्या टबात पाणी घेतलं, त्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकले. मासा त्यात सोडला की थोड्या वेळाने सुस्त पडे, आडवा होई. मग ती ओल्या फडक्यावर त्याला निजवी आणि शेपटीजवळ खालच्या बाजूने सुई घाली. थोडंसं रक्त कुपीत, एक थेंब पट्टीवर, पट्टी यंत्रात.

"हा तर माझ्याकडचाच यंत्र," आप्पा म्हणाले. "त्यांचा झाला की माझा पण बघ गो बाय."

योगिनी हसली आणि तिने त्यांचंही बोट टोचलं. आप्पांची साखर माशांपेक्षा जास्त निघाली. आप्पा दिवसभर ते सगळ्यांना सांगत होते.

संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून तिने समजावलं. "हे मासे नदीतलं शेवाळ, किडे, पडलेली फळं खाणारे. भात-कुरमुरे पोटात गेले की रक्तात साखर चढते, आणि आपल्यासारखी ती लवकर उतरत नाही त्यांच्यात. उरलेली चरबी होऊन यकृतात साठते. पण एवढ्यावरून मी काही बोलू शकत नाही. खाल्ल्यावर साखर कुणाचीही चढते. आप्पा, तुमचीही दोनदा बघतात ना? उपाशीपोटी आणि जेवणानंतर?"

"बघतात."

"हे जेवणानंतरचं झालं. मला उपाशीपोटीचं पाहिजे. पाच दिवस डोहात कुणी काही टाकायचं नाही. मग मी परत येते. साखर खाली आली असेल तर दोष खाण्याचा, खाणं बंद केलं की काम झालं. नाही आली, तर आतच काही बिघडलंय. मग थोराड मासे रत्नागिरीला टाक्यांमध्ये न्यावे लागतील. तिथे उपचार करू. त्यातले किती परत येतील, ते नाही सांगता येणार."

टपरी बंद झाली. पायऱ्यांच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला. राखणीला कोण, हा प्रश्नच नव्हता. आप्पा म्हणाले, "रावजी हाय. त्याच्यापरीस माशांची काळजी कोणाला?"

रावजीने दोन दिवस राखण केली, अगदी चोख. रत्नागिरीचं एक कुटुंब पोरांसकट आलं तर त्यांच्या हातातली ब्रेडची पिशवी त्याने काढून घेतली. अडचण झाली ती घरी. ताट वाढलं, सवयीने घास पानावर काढला, आणि मग तो त्या पानाकडे बघत बसला. घास डोहात गेल्याशिवाय जेवायचं कसं? त्याने पान कौलावर ठेवलं, कावळ्याने खाल्लं. पण कावळ्याचा घास वेगळा आणि माशांचा वेगळा. दोन घास कसेबसे गिळून त्याने ताट सारलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. भुकेने त्याला पडवीत गरगरल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी त्याने मनाशी वकिली केली. बाईने बंद केलंय ते खाणं. कुरमुरे, बिस्किटं, लोक आणतात ते. पानावरचा घास हे काही खाणं नव्हे, तो नैवेद्य. देवीच्या नैवेद्याला रत्नागिरीची पोरगी कशी नको म्हणेल? उलट घास चुकला म्हणूनच मासे मरत असले तर?

पान घेऊन तो बांबूखालून वाकून गेला. सावली पडताच मासे आले. सगळे आले, दोन दिवसांचे उपाशी, एकमेकांच्या अंगावर चढत. एक घास पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला. तोंडं तशीच उघडी. रावजीला ते बघवेना. आयुष्यभर तो ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना वाढत आला होता. समोर भुकेलं तोंड आणि हातात रिकामं पान, असं त्याच्याने राहवलं नाही. तो वर गेला आणि टोप घेऊन आला.

त्या दिवशी तो स्वतः पोटभर जेवला. उरलेले दोन दिवसही.

योगिनी आली, पाग पडला, टबात लवंगेचा वास घमघमला. यंत्राने आकडे दाखवले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. साखर उतरली नव्हती. एकदोघांत थोडी चढलीच होती. तिने पट्ट्या बदलून पाहिल्या.

"कुणी काही टाकलं नाही ना?" तिने विचारलं.

"रावजी होता ना राखणीला," आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी रावजीकडे बघितलं. "नाय," तो म्हणाला. शब्द इतक्या चटकन बाहेर पडला, की तो आपणच बोललो का, असं त्याला वाटलं.

कुप्यांतलं रक्त रत्नागिरीला गेलं. तिथूनही तेच कळलं, रक्तातली चरबी जशीच्या तशी. देवळात पुन्हा माणसं जमली. आता कुणी काथ्याकूट केला नाही. थोराड मासे न्यायचे ठरले. सोमवारी टाक्यांची गाडी येणार होती.

मधले दिवस रावजीने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. खरं सांगितलं तर वाडीत तोंड दाखवायला जागा नाही, वर डोहात टाकणं कायमचं बंद. म्हणजे त्याचा घास गेला, आणि घासाबरोबर लोकांना सांगायला ठेवलेलं कारणही गेलं. न सांगावं तर मासेच जाणार. दोन्हीकडून तो उघडाच पडत होता. फरक एवढाच, की एकीकडे मासे आपल्या पाण्यात राहत होते. हे इतकं सरळ असूनही त्याला बोलवेना. रविवारी सुगंधाचा फोन आला, "जेवलात काय?" आणि तो "हो" म्हणाला. टोप पालथाच होता.

सोमवारी गाडी आली. माणसं जाळं घेऊन पाण्यात उतरली. पण खडशी म्हणजे काही कोंबड्या नव्हेत, डोहाच्या तळाशी कातळाच्या कपारीत ती जाऊन बसली. जाळं दोनदा रिकामं आलं. आप्पांना तोड सुचली.

"रावजी, तू जा बघू पायरीवर उभा ऱ्हा. तुझ्याकडं येतात ती. आली की जाळं टाकतील."

रावजी गेला. न जाऊन काय करतो? शेवटच्या पायरीवर उभा राहिला, सावली पाण्यावर पडली, आणि कपारीतून एकेक पितळी पाठ वर येऊ लागली. जाळ्याची माणसं दोन्ही बाजूंनी दबकत होती. मासे त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते रावजीच्या पायांशी आले आणि त्यांनी तोंडं उघडली.

"थांबा," रावजी म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. मग तो पायरीवरच बसला आणि मोठ्याने म्हणाला, "त्यांना काय झालेला नाय. मी घातला. उपास मी मोडला त्यांचा."

माणसांनी उचललेलं जाळं न टाकताच खाली घेतलं. योगिनी पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी बसली. "काय घातलंत? कधी?"

"भात. तिसऱ्या दिवसापासून."

"किती?"

त्याने दोन्ही हातांनी टोपाचा आकार दाखवला.

"काका, मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच बोलून ती उठली आणि गाडीवाल्याशी बोलायला गेली. तिचे किती दिवस फुकट गेले याचा रावजीला अंदाज नव्हता, पण तिच्या पाठीकडे बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा जाळं गुंडाळायला सांगून वर गेले. बाकीचे बोलले, आणि त्यातलं खोटं काहीच नव्हतं.

पुन्हा उपास झाला. या वेळी आप्पा स्वतः खुर्ची टाकून पायऱ्यांच्या तोंडाशी बसले. साखर उतरली, चांगली खाली आली. रिकामी परत गेलेली टाक्यांची गाडी पुन्हा बोलवावी लागली नाही. गावाने ठराव केला: डोहात काहीही टाकायचं नाही, घाससुद्धा नाही; घास तुळशीपाशी ठेवायचा. पाटी रंगवून लावली. आणि राखणीला पुन्हा रावजी.

"त्याला?" कुणीतरी म्हणालं.

"त्यालाच," आप्पा म्हणाले. "आता तो चुकायचा नाय."

ही शिक्षा होती की मेहरबानी, ते रावजीला कधीच कळलं नाही. तो रोज सकाळी जाऊन बसे. सावली पडे, मासे येत, तोंडं उघडत. रावजी हात काखेत दाबून धरी. पहिल्या दिवशी तो रडला, चांगला हुंदके देऊन, आणि मासे तसेच वाट बघत राहिले. मग त्याने त्यांच्याशी बोलणं सोडलं, कारण आवाजालाही ते येत. तो मुकाट बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाटी दाखवी.

मासे कमी येऊ लागले. आधी लहान यायची थांबली. मग थोराडांतली एकेक. पाऊस आला, डोह गढूळला, नदी दुथडी वाहिली. पाणी नितळ झाल्यावर रावजी पायरीवर जाऊन उभा राहिला तेव्हा खालून एक सावली हलली आणि कपारीत शिरली. बाकी काही नाही.

दिवाळीनंतर योगिनी आली. रक्त तपासून ती खूश झाली. साखर बेताची, चरबी उतरलेली, पोटं आत गेलेली, पावसाळाभर एकही मासा मेला नव्हता. कातळावरचं शेवाळ खरवडून खाल्लेलं तिने त्याला बोट करून दाखवलं.

"काका, आता राखणीचीही गरज नाही," ती म्हणाली. "माणसाची सावली पडली की पळतात. असंच पाहिजे."

"बरा झाला," रावजी म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं, आणि तरी तो रिकाम्या पाण्याकडे बघत राहिला.

वर चढताना आप्पांनी, अगदी साधेपणाने, विचारलं, "मग आता जातोस ना मुंबयला? आता काय अडला?" रावजीने चपलेत खडा गेल्याचं निमित्त केलं आणि वाकला. आप्पा पुढे गेले.

दिवेलागणीला सुगंधाचा फोन आला. "जेवलात काय?"

"नाय," रावजी म्हणाला.

"का? बरा नाय काय?"

"बरा हाय. मासे आता ओळखत नाय मला. आता राखण पण नको सांगलान त्या बायनं." तो थांबला. मग एवढ्या वर्षांत जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाला, "सुगंधा, मला हितं एकट्याला करमत नाय गो. लोक इचारतात मुंबयला का नाय जात. मी माशांचा सांगायचो. आता काय सांगू?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. पोरांचा दंगा चालला होता.

"मी पण तेच सांगायची," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी मुंबयला होतात तवा. बाया इचारायच्या, नवरा तिकडं, तू हितं का, जात का नाय? मी सांगायची, मी गेल्ये तर माशांना घास कोण घालील." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी कधी ये म्हणाला नाय. काय सांगणार होत्ये लोकांना?"

रावजीला कँटीनच्या मागची खोली आठवली. सहा जण निजायचे तिथे. कुठे निजवणार होतो तिला, असं तो म्हणणार होता, पण हे तिला तेव्हाही कळत असणार, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो ओटीवर बसला. आजूबाजूची घरं कुलपात, त्या ओळीत एकाच घरात दिवा होता, आणि तो त्याचा.

"ठेवत्ये मी," सुगंधा म्हणाली. "भात लागंल."

"ठेवू नको," रावजी म्हणाला.

तिने ठेवला नाही. गॅस बारीक केल्याचा आवाज आला. मग दोघंही फोन कानाला लावून बसून राहिली.